उशाखालची अंगठी

"निळी घातली की खेळ खल्लास," धर्मराज तोंडातल्या घासासकट म्हणाला. "परत निघतच नाय ती बोटातून. हळूहळू जीव खाते."

प्रसादच्या हातात चहाचा ग्लास होता आणि डोक्यात एक भलत्याच यार्डात जाऊन बसलेला कंटेनर. न्हावा शेव्याच्या त्या कस्टम एजंटच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत धर्मराजचं तोंड बंद म्हणून नसायचं. साहेबाची नवी गाडी, क्रिकेट, दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर कसे आडवे होणार, असं काय वाटेल ते. अलीकडे त्यात वाशीहून आणलेल्या एका गेमच्या सीडीची भर पडली होती. डोंगर, जंगलं, ओढे असलेला भलामोठा मुलूख, त्यात मोकळा सोडलेला एक तलवारवाला गडी, आणि जागोजागी दडवलेल्या अंगठ्या. प्रसाद ऐकल्यासारखं करत होता. तीच सीडी त्याच्या घरी उन्हाळ्यापासून पडून होती आणि तिचं कौतुक केव्हाच ओसरलं होतं. पण 'निळी' हा शब्द कानात शिरला आणि तिथेच बसला. "कुठली निळी?" त्याने विचारलं. "अरे ती तळ्यातल्या देवळातली. ताकद डबल करते बघ." "मग? चांगलीच आहे की." "चांगली आहे म्हणून तर गंडतो ना माणूस! खाली बारीक अक्षरात लिहिलंय सगळं. पण वाचतोय कोण? आणि ती गेम पण अशी हरामी, बंद केली की आहे तिथंच सेव्ह. मागचं काय ठेवतच नाय." प्रसादने ग्लास खाली ठेवला. मग काय करायचं अशा वेळी, असं त्याने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं. धर्मराज बोटं चाटत हसला. "काय करणार? तो गडी सोडायचा, नवा घ्यायचा. पहिल्यापासून चालू. टेन्शन कसलं त्यात?"

दुपारभर प्रसादने काम केलं म्हणायचं तर केलं. त्याचं कामच मुळी कागदांच्या खालच्या ओळी वाचायचं. मालाच्या कागदांवर वरती जे ठळक छापलेलं असतं ते कोणीही वाचतं. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत जे असतं, त्यात कोणाची जबाबदारी कुठे संपते ते लिहिलेलं असतं, आणि ते प्रसादच्या नजरेतून सुटत नाही म्हणून साहेब त्याला मानत. आज तीच अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोरून नुसती सरकत होती. 'खाली काय लिवलंय रं?' असं कोणीतरी सारखं विचारत होतं. कोणीतरी कशाला, त्याचे वडील, आण्णाच. पावसाळ्याआधीच्या त्या रविवारी आण्णांनी अगदी ह्याच शब्दांत विचारलं होतं, चष्मा कपाळावर चढवून, कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून. आणि आपण काय म्हणालो होतो? 'काय नाय ओ, असंच असतं.' बरं, वाचून तरी म्हणालो होतो का? तर तेही नाही.

ऑफिसच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. दोन्ही बाजूंना ट्रेलरच्या रांगा, मध्येच मिठागरांचे चौकोन, पलीकडे उरणच्या दिशेने उतरलेलं ऊन. हा रस्ता रोजचा असल्यामुळे तो बघायची गरज नव्हती. त्याला आण्णांचा हात दिसत होता. तळोज्याच्या केमिकल कंपनीत सगळं आयुष्य व्हॉल्व्ह फिरवण्यात घालवलेला जाडजूड हात, आणि त्याच्या मुठीत चिमणीच्या पिल्लासारखा धरलेला माऊस. कॉम्प्युटर खरं तर बायकोच्या, स्मिताच्या टायपिंगच्या कामासाठी घेतलेला. कंपनीला टाळं लागल्यावर आण्णा, म्हणजे जोतीराम, साताऱ्याकडचा कष्टाचा गडी, नेरूळच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. आई त्याच्या आधीच गेलेली. आण्णा कोणाला काही बोलायचे नाहीत, जेवणाला नाव ठेवायचे नाहीत, आणि तेच घराला जड व्हायचं. शेवटी स्मितानेच एका दुपारी त्यांना खुर्चीत बसवलं, "आण्णा, हे धरा. इकडे सरकवलं की तो चालतो." पहिले काही दिवस गडी भिंतीला धडका मारत होता. मग एका संध्याकाळी प्रसाद घरी आला तर आण्णांनी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात द्यायच्या आधीच सांगून टाकलं, "आज वरल्या डोंगराच्या पल्याड गेलतो. तितं लई पानी हाय." स्मिता आणि प्रसादने एकमेकांकडे पाहिलं. आईच्या दिवसकार्यानंतर आण्णांनी स्वतःहून उच्चारलेलं ते पहिलं लांब वाक्य होतं.

तो आण्णांचा खेळ म्हणजे एक गंमतच होती. लढाई त्यांना आवडायची नाही. अस्वल दिसलं की ते बांधाबांधाने वळसा घालून जायचे. त्यांचं सगळं लक्ष अंगठ्यांवर. कुठल्या दगडाखाली, कुठल्या विहिरीच्या कोनाड्यात, कुठल्या मोहोळाखाली अंगठी असेल ह्याचा त्यांचा एक अंदाज असायचा, आणि तो कधी बरोबर यायचा, बऱ्याचदा चुकायचाही. चुकला की दिवसभर त्याच रानात फिरायचे, काही बिघडत नसे. प्रत्येक अंगठीत काहीतरी गुण. मुठीचं चित्र असेल तर ताकद, पावलाचं असेल तर चपळाई, डोळ्याचं असेल तर लांबचं दिसणार, काळजाचं असेल तर गड्याचा जीव मोठा होणार. इंग्रजी येत नसलं तरी एवढं चित्रांवरून कळायचं. मात्र गड्याच्या बोटात एका वेळी दोनच अंगठ्या राहायच्या, तिसरी घालायची तर आधीची एक काढावी लागायची. आणि ह्या निवडीत आण्णा असे काही रमायचे की विचारू नका. सोनार जसा कानाशी नेऊन नाणं वाजवतो तसं एकेक अंगठी घालून पाहणार, गड्याला चार पावलं चालवणार, काढणार, पुन्हा घालणार. शेवटी त्यांच्या गड्याच्या हातात कायम त्याच दोन दिसायच्या, एक काळजाची आणि एक डोळ्याची. मारायला ताकद नाही, पळायला वेग नाही. जीव राखायचा आणि लांबचं बघायचं, एवढंच.

प्रसादला ह्याची चीड यायची. बस करळ फाट्याशी माणसं उतरवायला थांबली होती आणि त्याला आता त्या चिडीचीच लाज वाटत होती. तरी ती त्या वेळी किती खरी होती तेही आठवत होतं. संध्याकाळी थकून यावं, बूट काढावेत, आणि समोर हे. इतक्या महिन्यांत त्यांचा गडी एक पूल ओलांडू शकला नव्हता, कारण पुलावर एक राक्षस उभा होता आणि आण्णांना त्याच्या वाटेला जायचं नव्हतं. "आण्णा, मुठीवाल्या घाला ना दोन्ही. एका फटक्यात काम." "आसू दे की. काय घाई हाय?" काय घाई आहे हे वाक्य प्रसादने लहानपणापासून ऐकलेलं. त्याला वाटायचं, आपल्या घरात जे जे झालं नाही, ते ह्या वाक्यापायी झालं नाही.

आणि मग ती नीलमची गोष्ट. तेव्हा प्रसाद कॉलेजात होता. कंपनीत युनियनची भांडणं पेटलेली, आण्णांना साडेसाती. आईने, शालनने, गावाकडच्या जोशीबुवांना विचारून साताऱ्याच्या सोनाराकडून नीलम आणवला, चांदीत बसवून. पण नीलम असा सरळ बोटात घालत नाहीत. तो सगळ्यांना मानवत नाही. आधी दोन-तीन रात्री उशाखाली घेऊन झोपायचं, बरी स्वप्नं पडली तर घालायचा, वाईट पडली तर परत करायचा. आण्णांनी तसं केलं. आणि एका सकाळी अंगठी आईच्या हातात ठेवून म्हणाले, "न्हाय सोसायचा." बस्स. आईने आकांडतांडव केलं, दोन दिवस धड स्वयंपाक केला नाही, पण आण्णा ढिम्म. त्याच सुमाराला कंपनीने त्यांना गुजरातेतल्या नव्या कारखान्यात फोरमन म्हणून बोलावलं होतं, तेही त्यांनी नाही म्हटलं. पुढे तळोजा बंद पडलं. जे गुजरातेत गेले ते आजही कामावर आहेत. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे प्रसादला कळत होतं, तो काही अंगठ्याबिंगठ्या मानणारा नव्हता. पण मनातल्या मनात त्याने त्यांची गाठ मारून ठेवलेली, आणि ती कधी सोडवायचं त्याच्या मनात आलं नाही. त्या रात्री आण्णांना स्वप्न काय पडलं होतं? आईने विचारलं नाही, कारण ती रागात होती. प्रसादने विचारलं नाही, कारण त्याला ते हास्यास्पद वाटलं. आता बसमध्ये ह्या प्रश्नाने त्याचा जीव एकदम कासावीस झाला. उभ्या घरात एका माणसालाही वाटलं नाही की विचारावं, आण्णा, काय दिसलं हो?

बस हलली. बेलापूरच्या वळणावर ऊन सरळ तोंडावर आलं आणि त्याने डोळे मिटले, तर तो रविवारच समोर उभा राहिला. जेवण झालेलं, स्मिता माहेरी गेलेली. आण्णांना तळ्यातल्या देवळात निळी अंगठी सापडली होती आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की प्रसाद हातातला पेपर टाकून उठला. कधी नव्हे ते मुठीचं चित्र, आणि एक नाही, दोन मुठी. त्याला स्वतःलाच आनंद झाला. "घाला घाला!" आण्णांनी घातली नाही. ते गड्याला देवळातून बाहेर काढून, अख्खा डोंगर उतरवून, त्याच्या झोपडीत घेऊन आले, तिथल्या पेटीत अंगठी ठेवली आणि गड्याला शेजारी निजवलं. प्रसादला आधी कळेचना. "हे काय करताय?" आण्णा जरासे शरमले, पण मागे हटले नाहीत. "निळा खडा हाय. दोन राती उशाला ऱ्हाऊ दे. मानवला तर घालू." प्रसाद हसला. खो खो हसला. आण्णाही हसले थोडे. इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथेच थांबलं असतं तर आज ती एक मजेची आठवण झाली असती, स्मिता पाहुण्यांना सांगून हसली असती. पण हसता हसता प्रसाद बोलून गेला, "आयुष्यभर असंच केलंत तुमी. उशाखाली ठेवत बसलात सगळं."

माऊसवरचा हात आण्णांनी काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. प्रसादने तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण बोललेलं झाकायला माणूस काहीतरी करून दाखवायला जातो, तसं त्याने केलं. आण्णांच्या खांद्यावरून वाकून माऊस घेतला, काळजाची अंगठी काढली, निळी घातली. अंगठीवर टिचकी मारली तेव्हा इंग्रजी ओळी उमटल्या होत्या. वर ठळक अक्षरांत ताकद, खाली बारीक काहीतरी. "खाली काय लिवलंय रं?" "काय नाय ओ, असंच असतं." मग तो गड्याला तडक पुलावर घेऊन गेला आणि राक्षस एका घावात पाडला. "हं! बघा आता." आण्णा म्हणाले, "भले." ते खरंच हसले होते. प्रसादला एवढं नक्की आठवत होतं, कारण त्या हसण्याच्या जोरावर तो इतके दिवस निवांत होता. आपण बोललो जास्त, पण कामाचं करून दिलं, अशी त्याची समजूत. मग आठवड्याभरातच आण्णांनी खेळ सोडला. "डोळं चुरचुरत्यात," म्हणाले. प्रसाद सीडी मित्राला द्यायला निघाला तेव्हा मात्र म्हणाले, "ऱ्हाऊ दे तितंच." म्हातारी माणसं, हौस फिटली असेल, असं म्हणून प्रसादने विषय संपवला. आण्णा पुन्हा खिडकीशी बसायला लागले. संध्याकाळी सारसोळ्याच्या जेटीपर्यंत जाऊन येत. घर पुन्हा पूर्वीसारखं शांत झालं आणि ते कशामुळे, ह्याचा कोणी विचार केला नाही.

नेरूळला उतरला तेव्हा त्याचं ठरलं होतं. आज माफी मागायची, सरळ, शब्द न चावता. आणि आण्णांना शेजारी बसवून गेम पहिल्यापासून सुरू करून द्यायची. नवा गडी, रिकामी बोटं. झोपडीपासून पुन्हा चालायला लागू दे त्यांना. ह्या वेळी मध्ये बोलायचं नाही, हव्या त्या अंगठ्या हव्या तितक्या रात्री उशाला ठेवू देत. सोसायटीचा जिना चढताना त्याला आपल्या बेताचा आनंदसुद्धा व्हायला लागला. धर्मराज म्हणतो तसंच, त्यात टेन्शन कसलं?

आण्णा हॉलमध्ये पेपर पसरून पावटे सोलत बसले होते. स्मिता आत कणीक मळत होती. "लवकर आलास?" तिने आतूनच विचारलं. "ट्रॅफिक नव्हता," प्रसाद म्हणाला आणि बूट न काढताच आण्णांच्या समोर खाली बसला. आण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय रं, बरं न्हाय का?"

"आण्णा, ती निळी अंगठी. तिच्यात खाली लिहिलं होतं. मी वाचलंच नाही."

आण्णांनी हातातली शेंग पुरी केली, दाणे ताटलीत टाकले. "म्हाईत हाय."

"माहीत आहे? कधीपासून?"

"त्याच दिशी कळलं. तू उटून ग्येल्यावर मी च्या घ्याया ग्येलो. गडी वड्याच्या काटाला हुबा. कुनी मारलं न्हाय, कुटं पडला न्हाय. येऊन बगतुय तर काळीज उतारल्यालं. म्हटलं आपलीच नजर चुकली. दुसऱ्या दिशी पुन्ना बगितलं तर आनीक कमी. काडाय ग्येलो तर निगंना." ते थोडे हसले. "नीलम तो नीलमच. न्हाय मानवत सगळ्यास्नी."

"तो नीलम नाही हो, तो..." प्रसाद थांबला. तो काय आहे हे सांगून आता काय मिळणार होतं? "मग मला का नाही सांगितलं?"

"तू हौसंनं घातलीवतीस."

आतला परातीचा आवाज थांबला होता. स्मिता ऐकत असावी. प्रसादला बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं एकही सापडेना. "आणि मी बोललो ते पण चुकलं. उशाखाली वगैरे. मला तसं..."

"आता खोटं कुटं बोलला हुतास?" आण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तेवढं असतं तरी प्रसादला धरायला काहीतरी मिळालं असतं. "जाऊ दे त्ये. हातपाय धू."

पण तो उठला नाही. उलट घाईघाईने, एखाद्या लहान मुलाला खाऊ दाखवावा तसा, त्याने आपला बेत सांगितला. आपण गेम नवीन सुरू करू. आत्ताच करू. नवा गडी मिळतो, अगदी तसाच दिसतो, काही फरक नसतो. सगळ्या अंगठ्या परत जिथल्या तिथे असतात. तुम्हाला तर जागा माहीतच आहेत, पटापट सापडतील. आण्णा लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आन ह्येचं काय?"

"कोणाचं?"

"ह्या गड्याचं."

"हा... हा पुसून जातो ना. एकच राहतो त्यात."

आण्णांनी मान हलवली. कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटर बंद होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि आवाज उतरवून, शेजारच्या खोलीत कोणी आजारी झोपलेलं असावं अशा बेताने ते बोलले. "आरं, खेळ लावला की त्येचा जीव जातुया. लावला न्हाय तर कायबी हुत न्हाय त्येला, हाय तसा ऱ्हातूय. वाइच जीव ऱ्हायलाय, पर हाय. म्हून मी हात लावत न्हाय." मग जरा थांबून, प्रसादचा चेहरा बघून, त्याचीच समजूत घातल्यासारखं म्हणाले, "पूल वलांडलाय की त्यानं. तुज्यामुळंच."

प्रसाद तिथेच बसून राहिला, पायात बूट तसेच. पावसाळा गेला, दिवाळी गेली. इतके दिवस आण्णा ह्या खोलीत, त्या बंद पडद्याशेजारी, एका माणसाला मरू देत नव्हते. आणि येता-जाता त्यांच्याकडे बघून आपल्याला वाटत होतं की ते रिकामे बसलेत.